'गॅस झाला असेल' म्हणून थांबू नका : हृदयविकाराचा झटका ओळखा, वेळ वाचवा



'माझी तुझी रेशीमगाठ' ही मालिका आपल्यापैकी बऱ्याच जणी रोज पाहायच्या. त्यातला यश, म्हणजे अभिनेते श्रेयस तळपदे, यांना १४ डिसेंबर २०२३ ला मुंबईत हृदयविकाराचा झटका आला. वय ४७. सिगारेट ओढत नव्हते, तब्येतीची तपासणीही केलेली होती. फक्त कोलेस्टेरॉल थोडं वाढलेलं, त्याची गोळी चालू होती आणि घराण्यात हृदयाचा त्रास होता.

त्यांनी नंतर मुलाखतीत स्वतःच सांगितलं ते असं. दिवसभर चित्रपटाचं शूटिंग झालं, त्यात अंगमेहनतीची दृश्यं होती. शेवटी शेवटी दम लागायला लागला, डावा हात दुखायला लागला. त्यांना वाटलं, दिवसभराच्या मेहनतीनं स्नायू दुखावला असेल. तसेच घरी आले. पत्नी दीप्ती यांनी त्यांची अवस्था पाहिली आणि वेळ न घालवता गाडीत बसवून दवाखान्याकडे निघाल्या. दवाखाना जवळ आला आणि गाडीतच ते बेशुद्ध पडले. दीप्तीताईंनी आरडाओरडा केला, रस्त्यावरची माणसं धावली, उचलून आत नेलं. हृदय बंद पडलं होतं. डॉक्टरांनी छाती दाबून, विजेचे झटके देऊन ते पुन्हा चालू केलं, मग अँजिओप्लास्टी केली. आठवडाभरात ते घरी आले.

ते वाचले यात डॉक्टरांचा वाटा आहेच. पण त्याआधी घरात एक निर्णय झाला होता : "सकाळी बघू" नाही, "आत्ता निघू."

आता एक प्रश्न स्वतःला विचारा. नवऱ्याला असं झालं तर आपण धावूच. पण दुखणं आपल्यालाच झालं तर? तेव्हा घरात हा निर्णय कोण घेईल? आणि आपण स्वतः तोंड उघडून सांगू का? हा लेख त्यासाठीच आहे.

झटका म्हणजे नेमकं काय?

काटोल-नरखेडकडच्या ताईंना ड्रिप माहीत आहे. मोटार चालू आहे, विहिरीला पाणी आहे, पण एका नळीत कचरा अडकला. मग त्या नळीवरची संत्र्याची झाडं सुकायला लागतात. नळी लवकर मोकळी केली तर झाड तगतं. उशीर केला तर नंतर कितीही पाणी सोडा, वाळलेली फांदी हिरवी होत नाही.

हृदयाचंही तसंच आहे. हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूलाही रक्त लागतं. ते आणणाऱ्या नळ्या वेगळ्या असतात. वर्षानुवर्षं त्या नळ्यांच्या आत चरबीचा थर बसतो. एखाद्या दिवशी तो थर फाटतो, त्यावर रक्ताची गाठ जमते आणि नळी बंद होते. त्या नळीवरचा स्नायू अर्ध्या-पाऊण तासातच मरायला लागतो आणि पुढचे काही तास मरत राहतो. म्हणून पहिला तास सगळ्यात मोलाचा. मेलेला स्नायू परत येत नाही.

लक्षणं कोणती?

सिनेमात माणूस छाती धरतो आणि धाडकन पडतो. खऱ्या आयुष्यात बहुतेक वेळा असं होत नाही. त्रास हळूहळू सुरू होतो, कमी होतो, परत येतो. हे लक्षात ठेवा :

- छातीच्या मध्यभागी दाब, जडपणा, आवळल्यासारखं, जळजळ. बरेचदा ते 'दुखणं' वाटतच नाही. "छातीवर कोणी पाटा ठेवला" असं वाटतं.
- दुखणं डाव्या हातात, दोन्ही हातांत, खांद्यात, जबड्यात, गळ्यात किंवा पाठीत उतरणं.
- पोटाच्या वरच्या भागात, बेंबीच्या वर दुखणं; मळमळ, ओकारी.
- गार घाम सुटणं, अंग थंडगार पडणं.
- बसल्या जागी दम लागणं.
- चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी.
- काही कारण नसताना एकदम गळून जाणं, जीव घाबरणं.

यातली सगळी लक्षणं एकदम दिसतीलच असं नाही. दोन दिसली तरी पुरे. छातीतला दाब पाच मिनिटांच्या वर राहिला, तर वाट पाहायची नाही.

बाईचं दुखणं वेगळं का वाटतं?

बायकांनाही छातीत त्रास होतोच, तेच सगळ्यात नेहमीचं लक्षण आहे. पण त्यासोबत दम लागणं, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणं, खूप थकवा ही लक्षणं बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त दिसतात. कधीकधी तीच पुढे येतात आणि छातीचं मागे पडतं. मग ते 'पित्त', 'अशक्तपणा', 'टेन्शन' या नावाखाली खपून जातं. साखरेचा आजार असलेल्या बाईचं तर आणखी अवघड. जुन्या मधुमेहात नसांची जाणीव बोथट होते, त्यामुळे छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. नुसता घाम आणि दम, एवढंच दिसतं.

"हा तर माणसांचा आजार" हेही मनातून काढून टाका. अभिनेत्री सुष्मिता सेन यांना २०२३ मध्येच झटका आला. त्याही ४७ वर्षांच्याच, नियमित व्यायाम करणाऱ्या. मुख्य नळीत ९५ टक्के अडथळा होता, हे त्यांनी स्वतः लोकांना सांगितलं.

आता आपल्या गावातलं एक चित्र डोळ्यांपुढे आणा. मे महिना. बाई शेतातून आली, घामाघूम. म्हणते, "मले कसंसंच होऊन राहिलं व, जीव घाबरून राहिला." सासू म्हणते, "ऊन लागलं असंन, कांदा हुंगव, पन्हं दे." कोणी सोडा आणतं, कोणी ओवा. बाई म्हणते, "एवढ्या भाकरी टाकते अन् पडते." भाकरी होतात. संध्याकाळ होते. तोवर नळी बंदच असते.

ऊन लागणं आणि झटका यांत फरक आहे. उन्हानं अंग तापतं, कातडी गरम लागते. झटक्यात बहुधा अंग गार आणि ओलं लागतं. पण दोन्ही जिवावर बेतू शकतात. म्हणून फरक ओळखत घरात बसायचं नाही. दोन्हींसाठी फोन एकच, १०८.

आधी येणारा इशारा

झटका कधीकधी काही दिवस, काही आठवडे आधी दार वाजवतो. नेहमीचा चढ चढताना, पाण्याचा हंडा उचलताना, धानाच्या रोवणीत छाती आवळते आणि दोन मिनिटं बसलं की मोकळी होते. गॅसचं दुखणं असं चालल्यावर वाढत नाही आणि बसल्यावर थांबत नाही. तेव्हा श्रमानं येणारं आणि विश्रांतीनं जाणारं दुखणं असलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा आणि ईसीजी काढायला सांगा. हे दुखणं आधीपेक्षा वारंवार येऊ लागलं, कमी कामातही येऊ लागलं किंवा बसल्या जागी आलं, तर त्याच दिवशी जा.

त्या वेळी काय करायचं?

एक. १०८ ला फोन. राज्यात ही सेवा २०१४ पासून आहे आणि फुकट आहे. गाडीत डॉक्टर असतो. फोनवर "छातीत दुखतं, घाम आला, दम लागला" असं स्पष्ट सांगा. गाव, तालुका आणि ओळखीची खूण सांगा : शाळा, मंदिर, ग्रामपंचायत. गाडीला किती वेळ लागेल ते विचारा. फार वेळ लागणार असेल तर गावातली चारचाकी काढा. दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. रोग्यानं स्वतः गाडी चालवायची नाही.

दोन. रोग्याला बसवा. भिंतीला पाठ टेकवून, गुडघे थोडे वर. कपडे सैल करा. चालवू नका, जिना चढवू नका, "थोडं फिरून ये, गॅस निघून जाईन" असं तर अजिबात नको. संडासलाही चालत पाठवू नका.

तीन. अ‍ॅस्पिरिन. रोगी शुद्धीवर असेल तर ३०० किंवा ३२५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिनची एक गोळी चावून खायला देतात. चावली की लवकर लागू पडते आणि रक्ताची गाठ वाढू देत नाही. पण ती १०८ च्या डॉक्टरांना विचारूनच द्या. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी, पोटातला अल्सर, रक्तस्राव असेल, किंवा तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं अशी लकव्याची लक्षणं असतील तर देऊ नका. पॅरासिटामॉलची गोळी वेगळी, तिचा इथे उपयोग नाही.

चार. जिभेखालची सॉर्बिट्रेटची गोळी दुसऱ्याच्या पाकिटातून काढून देऊ नका. त्यानं बीपी एकदम खाली जाऊ शकतं. ज्या रोग्याला डॉक्टरांनी ती लिहून दिली आहे, त्यानंच सांगितल्याप्रमाणे घ्यायची.

पाच. सोडा, लिंबूपाणी, जेवण काही नको. छातीला तेल चोळत बसू नका. "जोरजोरात खोकला की झटका थांबतो" असा मेसेज मोबाईलवर फिरतो, त्यावर विश्वास ठेवू नका.

दवाखाना कोणता?

इथे बरेच जण चुकतात. जवळ आहे म्हणून अशा ठिकाणी जातात जिथे ईसीजीच नाही. एक इंजेक्शन, एक पित्ताची गोळी, आणि "घरी जा, आराम करा." त्यात दोन तास जातात. छातीच्या त्रासात पहिला प्रश्न विचारायचा : "ईसीजी निघतो का?"

ईसीजीला सुई नाही, दुखत नाही, पाच मिनिटांत निघतो. छातीला, हातापायाला तारा लावून कागदावर रेघा येतात. बायका लाजतात, घरचे संकोचतात. ताईंनो, तिथे लाज धरू नका. महिला कर्मचारी मागा, अंगावर चादर मागा, पण ईसीजी काढू द्या. पहिला ईसीजी चांगला आला तरी त्रास चालू असेल तर घरी निघू नका. काही वेळानं तो परत काढतात आणि ट्रोपोनिन नावाची रक्ताची तपासणी करतात.

झटका पक्का झाला की बंद नळी उघडण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन. झटका एका ठरावीक प्रकारचा असेल तर ते पहिल्या बारा तासांत देतात, पण जितकं लवकर तितका फायदा जास्त. दुसरा, अँजिओप्लास्टी. हाताच्या किंवा मांडीच्या नसेतून बारीक तार हृदयापर्यंत नेऊन फुग्यानं नळी उघडतात आणि आत जाळी बसवतात, तिलाच स्टेंट म्हणतात. यात छाती फाडत नाहीत.

रामटेक, उमरेड नागपूरपासून सुमारे ५० किलोमीटर. भिवापूर, नरखेड आणखी लांब. म्हणून तालुक्याच्या रुग्णालयात ईसीजी झाला की तिथल्या डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा : "गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन इथे देता येईल का?" आणि "पुढे पाठवता तर कुठे? तिथे फोन करून सांगितलं का?" नागपुरात मेडिकलचं सुपर स्पेशालिटी रुग्णालय आणि मिहानमधलं एम्स इथे हृदयरोगाचे विभाग आहेत. ईसीजीचा कागद सोबत घ्या आणि मोबाईलवर त्याचा फोटोही काढून ठेवा.

पैशाची काळजी

"एवढा पैसा कुठून आणायचा?" या एका वाक्यात अनेक घरांचा महत्त्वाचा तास जातो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या आता राज्यात एकत्र चालतात. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयात मिळतात, त्यात अँजिओप्लास्टी आहे. अशा रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो, दाखल होताना त्यालाच गाठा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड लागतं. कागद घरी राहिले म्हणून निघायचं थांबू नका, मागून कोणी आणून देईल. माहितीसाठी फोन : १५५३८८. रुग्णालय योजनेत आहे की नाही, हे आज बसून विचारून ठेवा. रात्री दोन वाजता विचारणं जमत नाही.

माणूस बेशुद्ध पडला तर

झटका म्हणजे नळी बंद. पण झटक्यात कधी हृदयच थांबतं. मग हाक मारली तर ओ देत नाही, श्वास बंद होतो किंवा नुसते आचके येतात. तेव्हा हातात काही मिनिटंच असतात. नाडी शोधत बसू नका. १०८ ला फोन लावून स्पीकरवर ठेवा आणि छाती दाबायला सुरुवात करा.

- रोग्याला जमिनीवर, पाठीवर झोपवा. बाजेवर किंवा गादीवर नाही. बाज खाली दबते, छाती दबत नाही.
- छातीच्या मधोमध, दोन स्तनांच्या मध्ये, तळहाताचा खालचा भाग ठेवा. त्यावर दुसरा हात.
- कोपरं सरळ ठेवून, अंगाचा भार टाकून, सुमारे दोन इंच खाली दाबा. प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या.
- वेग मिनिटाला १०० ते १२०, म्हणजे एका सेकंदात जवळपास दोनदा.
- दमलात की दुसरीनं लगेच हात लावायचा. गाडी येईपर्यंत किंवा माणूस हालचाल करेपर्यंत थांबायचं नाही.

बरगडी मोडेल ही भीती खरी आहे, मोडतेही कधी. पण बरगडी जुळते. बाई आहे म्हणून पुरुषांनी आणि पुरुष आहे म्हणून बायकांनी मागे सरायचं नाही.

कोणाला धोका जास्त?

बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, घराण्यातला आजार आणि तंबाखू. आपल्याकडे तंबाखू म्हणजे खर्रा. "बिडी-सिगारेट तर ओढत नाही" असं म्हणून आपण सुटत नाही. खर्रा आणि गुडाखूही हृदयाला घातकच. चुलीचा धूरही रोज थोडा थोडा नळ्यांना त्रास देतो.

बायकांचे तीन धोके वेगळे लिहून ठेवा. बाळंतपणात बीपी किंवा साखर वाढली होती का? मग पुढे हृदयाचा धोका वाढतो, ती सुटी नव्हे, इशारा होता. पाळी बंद झाल्यावरही धोका वाढतो. आणि कमी वयात पिशवी काढताना अंडाशयही काढले असतील, तर तो धोका लवकर सुरू होतो. तपासायला गेल्यावर डॉक्टरांना हे आपणहून सांगा.

तिशीनंतर बीपी-साखर उपकेंद्रात, म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरात, फुकट तपासतात. बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर वारंवार येत असेल तर उपचार घ्या. बीपीची गोळी "बरं वाटतं" म्हणून बंद करायची नसते. बरं वाटतं ते गोळीमुळेच. आणि पापड-लोणचं गटानं विकायला भरपूर करावं, घरच्या ताटात मात्र कमीच बरं. त्यात मीठ फार.

झटक्यानंतर

झटका येऊन गेलेली बाई पुन्हा संसार, शेत, गट सगळं करू शकते. पण घाई नको. किती दिवसांनी काय काम करायचं ते डॉक्टर सांगतील. आधी घरातल्या घरात चालणं, मग थोडं थोडं अंतर वाढवणं. जाळी बसवल्यावर रक्त पातळ ठेवण्याच्या दोन गोळ्या बहुधा वर्षभर असतात. त्या न विचारता बंद केल्या तर जाळीतच गाठ होऊन दुसरा झटका येऊ शकतो. उपासालाही गोळी चुकवायची नाही. पैसे कमी पडले तर गोळी अर्धी करू नका, जनऔषधी दुकानात चौकशी करा.

मनही खचतं. रात्री झोप लागत नाही, "परत येईन का?" ही धास्ती राहते, रडू येतं. हे त्या बाईचं नाटक नाही. तिला बैठकीला बोलवा, शेजारी बसवा, आणि डॉक्टरांनाही सांगा.

गटानं काय करायचं?

दशसूत्रीत आरोग्य आहेच. या महिन्याच्या बैठकीत अर्धा तास काढा आणि हे पाच ठराव करा :

१. गावातल्या चारचाकीवाल्यांची नावं आणि नंबर, रात्री येणारे कोण ते, प्रत्येक सदस्याच्या घरी भिंतीवर लावणे. वर मोठ्या अक्षरात १०८.
२. ईसीजी निघणारा जवळचा सरकारी दवाखाना कोणता आणि रात्री तिथे कोण असतं, हे दोघींनी प्रत्यक्ष जाऊन विचारून येणे.
३. जिवावरच्या आजारात पैसे आधी, बैठक नंतर. ग्रामसंघाच्या जोखीम प्रवणता निधीतून किंवा गटाच्या पेटीतून किती रक्कम लगेच द्यायची आणि पेटीची किल्ली रात्री कोणाकडे मिळेल, हे आजच ठरवणे.
४. प्रत्येक सदस्याचं बीपी आणि साखर तपासून नोंद ठेवणे. आशाताईंना बैठकीला बोलावणे.
५. छाती दाबण्याचा सराव दाखवायला प्राथमिक आरोग्य केंद्राकडे मागणी करणे. सराव उशीवर करा, चांगल्या माणसावर नको.

शेवटी एकच. आपण बचत रुपया-रुपयानं करायला शिकलो. दुखणं मात्र आपण अजूनही साठवून ठेवतो. सासऱ्यांच्या जेवणानंतर, लेकराच्या परीक्षेनंतर, रोवणी आटोपल्यावर सांगू म्हणतो. छातीचं दुखणं तेवढं साठवू नका. भाकरी तव्यावर करपली तरी चालेल. उठा, हाक मारा आणि म्हणा, "मले बरं नाही, १०८ ला फोन लावा." आणि शेजारची ताई असं म्हणाली, तर तिला गॅस झालाय का हे विचारू नका. फोन लावा.